बुधीच्या घशात अडकलेलं

"चहाला काय मुंग्या लागल्यात व्हय? घटकंत तोंडापतूर न्यायचा, घटकंत खाली ठिवायचा. म्हशीला आंबवण दावलं तरी ती एवढं नखरं करत न्हाई."

आत्याबाई माझ्या कानाशीच पुटपुटल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं स्वैपाकघर एवढंसं होतं, की एकीनं सुस्कारा टाकला तर दुसरीची चूल फुलायची. त्यात त्यांची कुरकुर स्वतःशीच चालल्यासारखी, पण ज्याला ऐकायची त्याला बरोबर ऐकू जाईल अशा बेताची असायची.

"निवला असंल," मी म्हटलं. "दुसरा करते."

"दुसराच हाय त्यो."

मी पुढच्या खोलीत डोकावले. हे मशीनवर बसले होते. पायाखालची पायटी थांबलेली, सुईखाली कुणा नवरदेवाच्या निळ्या कोटाची बाही. शेजारच्या स्टुलावर चहा, आणि त्यावर साय धरलेली. माझी चाहूल लागली तसा त्यांनी कप उचलला, ओठांजवळ नेला, आणि मागून कुणीतरी मानेवर गार हात ठेवावा तसे दचकले. कप पुन्हा स्टुलावर. माझ्याकडं बघून ओशाळं हसले.

"गळा धरलाय गं जरा. मग घेतो. आन् त्यो पंखा बंद कर आधी. वारं सोसंना."

मे महिना होता. भिंतीला हात लावला तर भाकरी भाजून निघेल असं ऊन, आणि ह्या माणसाला वारं सोसंना. मी पंखा बंद केला. खरं सांगायचं तर मला एवढंच वाटलं, की बरं झालं, खोलीभर कातरणाचे तुकडे उडायचे तरी थांबतील.

ह्यांचं नाव एकनाथ हावळ. गावात एकनाथ टेलर, आणि घरात नाथा. मी काय म्हणत होते ते सांगायला नको, आमच्या पिढीत बाईच्या तोंडी नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतंच. ह्यांच्याबद्दल सांगायचं तर माणसांपासून सुरुवात करताच येत नाही, जनावरांपासूनच करावी लागते. मशीनखालच्या कातरणाच्या टोपलीत मांजर. दाराबाहेर, आपल्याला कुणी हाकलत नाही हे कळलेला, एका शिंगाचा बोकड. माळ्यावर पंख मोडलेला पारवा, तो बरा होऊनही न गेलेला. लोक कपड्याचं माप द्यायला यायचे आणि जाताना आजारी कोंबडी दाखवून जायचे.

एकदा वाळव्याकडच्या एका पाहुण्यांचा लग्नाचा कोट कापून ठेवला होता आणि त्याच कापडावर मांजर व्यालं. पाहुणे कोट न्यायला आले तर हे म्हणतात, "थोडं थांबावं लागंल. बाळंतीण हाय."

"कुणाच्या घरात?"

"तुमच्या कोटात."

पाहुणे आधी भडकले, मग पिल्लं बघून गेले, आणि लग्नानंतर त्यातलं एक मागून घेऊन गेले. वैजूला हे सांगितलं की ती अजून हसते.

वैजू आमची लेक, एकुलती. तेव्हा तिसरी पास होऊन चौथीत जाणार होती. तिच्या वेण्या हेच घालायचे. माझ्यापेक्षा त्यांची बोटं हलकी. शाळेचे कपडे, ब्लाउज, परकर, नेहरू शर्ट, ज्याच्या त्याच्या कापडाचा जो तुकडा उरेल तो जपून ठेवायचे आणि सवड मिळाली की वैजूला फ्रॉक. सवड म्हणजे दिवे लागल्यावर, दिवसभर पायटी मारून पोटऱ्यांना गोळे आलेले असताना. गावातल्या प्रत्येक घराचा एकेक तुकडा आमच्या पोरीच्या अंगावर होता. आणि बेंदराच्या सणाआधी बैलांच्या झुली शिवायचे तेव्हा तर बघायलाच नको. ज्या टेपानं नवरदेवाची छाती मोजायची त्याच टेपानं बैलाचं वशिंड.

"टेलर, बैलाचा टेप लावताय व्हय मला?" असं एकानं विचारलं होतं.

"बैलानं कधी तक्रार केली न्हाई पावणं, तुमचं काय?"

आणि बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. आमच्या घरची एकच गाय, ह्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. आत्याबाई म्हणायच्या, "बायकूच्या डोक्याला त्याल न्हाई आन् गाईच्या शिंगाला रोज." तसं काही नव्हतं. मलाही तेल मिळायचं. गाईनंतर, एवढंच.

ही बुधी शिमग्याच्या आधी गेली. मी तेव्हा घरी नव्हते, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला तासगावला गेले होते. परत आले तर गोठा रिकामा, दाव्याचा खुंटा उपटून ठेवलेला, आणि हे मशीनवर मुकाट. जेवताना त्रोटक सांगितलं. सारखी हंबरायची, आवाज घोगरा झालेला, तोंडातून लाळेच्या तारा. वैरणीला तोंड लावीना. घशात काहीतरी अडकलं असणार म्हणून तोंडात हात घालून बघितला. काही सापडलं नाही. मग मागचे पाय गेले, आणि मग ती गेली.

"काय अडकलं असंल?" मी विचारलं.

"कणसाचं बुरकुंड. न्हाईतर रताळं. सापडलंच न्हाई गं."

आमच्याकडं गाय लाळ गाळायला लागली की कुणीही हेच करतं. तोंड उघडायचं, जीभ बाजूला ओढायची, आणि हात कोपरापर्यंत आत. ढोरांचा डॉक्टर येईस्तोवर जनावर गुदमरून जायचं. बुधीला ह्यांनी मळ्याच्या बांधाला स्वतः खड्डा खणून पुरली, आणि तिच्या अंगावर नवी झूल घातली. कुणी झुलीचं विचारलं की म्हणायचे, उंदरानं खाल्ली.

हे सगळं मी आता सांगतेय. त्या दिवशी ह्यातलं काही डोक्यात नव्हतं. त्या दिवशी फक्त निवलेला चहा होता.

दुपार व्हायच्या आत ह्यांना थुंकीही गिळता येईना. काही दिवसांपासून उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणत होते. मी म्हणत होते, कात्री सोडा थोडी. आता तो हात सारखा चोळत बसले. डोळे मोठे झालेले. दाराबाहेर कुणी बादली आपटली तरी अंगावर काटा.

थोरले दीर शेजारीच राहायचे. सगळे त्यांना बापू म्हणायचे. बापू आले, भावाकडं बघितलं आणि म्हणाले, "हितं काय बघत बसलाय? मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

शेजाऱ्यांचा टेंपो मिळाला. शाळेला सुट्टी, वैजूला ठेवायचं कुणाकडं, म्हणून तीही बरोबर. हे मागं बसले ते तोंडावर टॉवेल घेऊन. टेंपो पळायला लागला तसं वारं आत यायला लागलं आणि ह्यांची मान अशी ताठ व्हायला लागली, जशी कुणी आतून दोरी ओढतंय. बापूंनी ताडपत्री खाली सोडली. आत अंधार आणि भट्टी.

मी तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतलं. मला प्यायचं होतं, ह्यांना द्यायचंही मनात नव्हतं. नुसता पाण्याचा आवाज झाला, आणि ह्यांचा गळा एकदम वर उचलला गेला. दोन्ही हातांनी टेंपोची दांडी धरली. तोंडातून एक आवाज आला. तो माझ्या माणसाचा नव्हता.

बापूंनी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईंनी ताडपत्रीकडं बघितलं, जणू पलीकडचं शेत दिसतंय.

मग आत्याबाईंनी माझ्या हातातलं फुलपात्र घेतलं आणि वैजूच्या तोंडाला लावलं.

"पी."

"मला नको आज्जी."

"पी म्हणते न्हवं."

वैजूनं घोट घेतला. आत्याबाई तिच्या गळ्याकडं टक लावून बघत होत्या, घोट खाली उतरेपर्यंत. मग फुलपात्र माझ्या हातात परत दिलं. मला वाटलं, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. पोटचा मुलगा तिकडं कासावीस आणि नातीला पाणी पाजत बसलीय.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. चेहरा झोप न झालेल्या पोरासारखा. ह्यांना खाटेवर बसवून त्यानं घसा बघितला, ताप बघितला, आणि नर्सला पाणी आणायला सांगितलं.

"जरा घोटभर घ्या बघू."

ह्यांनी पेला हातात घेतला. आयुष्यभर कुणाचं काम नाकारलं नाही, डॉक्टरचं कसं नाकारतील? पेला ओठांपर्यंत नेला. आणि मग जे झालं ते मी नीट सांगू शकत नाही. सबंध अंग धनुष्यासारखं मागं गेलं. पेला भिंतीवर. छाती वर, श्वास अडकलेला, डोळे पांढरे. मग सुटलं. हे माझ्याकडं बघत होते, आणि त्या नजरेत दुखण्यापेक्षा लाज जास्त होती. पेला फुटला म्हणून.

"माफ करा हं," ते डॉक्टरला म्हणाले.

डॉक्टरनं पुन्हा पाणी दिलं नाही. हातातल्या कागदानं ह्यांच्या तोंडावर हलकंसं वारं घातलं. गळा पुन्हा आक्रसला. कागद ठेवून दिला.

"कुत्रं चावलं होतं का कधी? या वर्षभरात?"

"न्हाई."

"मांजर?"

"माझ्याकडं मांजरं लई हाईत. चावत न्हाईत." धाप लागलेली तरी थोडे हसले.

"घरातलं एखादं जनावर आजारी पडून गेलं?"

ह्यांच्या आधी बापू बोलले, "गाय गेली की. शिमग्याच्या तोंडावर. घशात काय अडकलं म्हणून."

डॉक्टर खाटेजवळ सरकला. "तोंडात हात कुणी घातला?"

"मी," हे म्हणाले.

डॉक्टरनं त्यांचा उजवा हात उजेडाकडं धरला. बोटांची टोकं चाळणीसारखी. काही टोचे जुने, काही कालचे.

"हे काय?"

"सुया लागत्यात. टेलर हाय मी."

डॉक्टरनं तो हात जपून खाली ठेवला. मग ह्यांना गुंगीचं इंजेक्शन दिलं, खिडकीला कांबळं लावायला सांगितलं आणि आम्हाला व्हरांड्यात बोलावलं.

व्हरांड्यात तो काय म्हणाला ते मला ऐकू येत होतं, पण आत शिरत नव्हतं. तो म्हणाला, हा रोग एकदा सुरू झाला की त्याला औषध नाही. बापू म्हणाले, मुंबईला नेऊ. तो म्हणाला, कुठंच नाही. बापू म्हणाले, तरी पण. तो म्हणाला, कुठंच नाही हो. आणि मी बघत होते त्याच्या शर्टाची कॉलर. एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली, कुणी घाईत लावलेली. ह्यांनी बघितली असती तर त्याला तिथंच उभं करून उसवून पुन्हा लावून दिली असती. माझा नवरा मरणार असं एक माणूस मला सांगत होता आणि मी त्याची कॉलर बघत होते.

"आता महत्त्वाचं ऐका," डॉक्टर म्हणाला. "त्या गाईच्या तोंडाला, लाळेला आणखी कुणाचा हात लागला होता? त्यांना आजपासूनच सुया सुरू करायला हव्यात. रोग दिसायच्या आत सुया घेतल्या तर माणूस वाचतो. दिसायला लागला, की मग..." त्यानं दाराकडं बघितलं.

"आमाला समद्यास्नीच द्या की," बापू म्हणाले.

"पोटात घ्यायच्या असतात. बऱ्याच. त्यांचाही त्रास होतो, एखाद्याला भलतंच होऊन बसतं. शिवाय आज साठा थोडा आहे. ज्याला गरज आहे त्यालाच आधी मिळायला हवी. म्हणून विचारतोय. खरं सांगा."

"म्या दावं धरून हुबा व्हतो," बापू म्हणाले. "आईनं आणखी लांबनं बगितलं. मग मी गवताचं भारं आणाय गेलो."

"तुम्ही?" डॉक्टरनं मला विचारलं.

"मी गावातच नव्हते."

"आज्जी तुम्ही?"

"माझा न्हाई लागला."

"आणि ही मुलगी?"

वैजू आज्जीच्या पदराआड उभी होती. तिनं तोंड उघडलं. आत्याबाईंचा हात तिच्या खांद्यावर घट्ट झाला, एवढा की मला त्यांच्या बोटांचे सांधे पांढरे पडलेले दिसले.

"ती ल्हान हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तिला कोण जवळ येऊ देतंय?" हे बोलताना त्या डॉक्टरकडं बघत नव्हत्या. आतल्या दाराकडं बघत होत्या, आणि आवाज इतका बारीक, की कुणी आत ऐकेल ह्याची भीती असावी.

"नीट आठवून सांगा. मी वॉर्डातून एक फेरी मारून येतो." डॉक्टर गेला.

बापूंनी डोक्याचा पटका काढून तोंड पुसलं. "नाथाला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई. घसा सुजलाय म्हणायचं. उतरंल दोन रोजांत म्हणायचं. कळलं का शालन?"

मी मान हलवली. त्या रोगाचं नाव डॉक्टरनं एकदा इंग्रजीत घेतलं होतं तेवढंच. आमच्यातल्या कुणी मराठीत घेतलं नाही. खेड्यात राहणाऱ्या माणसाला पाणी बघून दचकणारं जनावर कुठलं, ते शिकवावं लागत नाही. पण जोवर तो शब्द तोंडातून निघत नाही तोवर हे घसा धरलेलेच होते, आणि दोन रोजांत उतरणार होतं.

आत्याबाई वैजूला घेऊन नळाकडं गेल्या. "पी गं बाय. आणखी एक घोट."

"आज्जी, पोट डब्ब झालंय माझं."

"तरी पी."

मी आत गेले. कांबळ्यामुळं खोलीत संध्याकाळसारखा उजेड. मला वाटलं झोपलेत. पण डोळे उघडे होते.

"घसा सुजलाय म्हणतात," मी म्हटलं. "उतरेल."

"हां," हे म्हणाले.

मी खाटेच्या कडेला बसले. त्यांनी उजवा हात माझ्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला ठेवला होता. मी धरायला गेले तर काढून घेतला. "नको. लाळ हाय हाताला."

"मग काय झालं? मी काय परकी आहे?"

"पुसून घे आधी. पदरानं नको, त्या फडक्यानं. आन् साबण लावून हात धू."

मी पुसला. धुतले. हा माणूस गाईचं शेण हातानं गोळा करून तसाच भाकरीला बसायचा, आणि आज मला साबण.

"निळ्या कोटाची काजं राहिलीत," ते म्हणाले. एकेक शब्द घासून, मध्ये थांबत. "कुंभारांच्या पोराकडनं करून घे. कोट परवा द्यायचाय."

"तुम्हीच कराल की. दोन रोजांत उतरतंय म्हणे."

"हां. बोकड बांधून आलीस?"

"सोडलेलाच आहे. त्याला कोण बांधतंय?"

"बरं केलंस."

बाहेर कुणाची तरी चप्पल घसटत गेली आणि ह्यांचा गळा एकदा हलका आक्रसला, सुटला. मी त्यांच्या पायावर हात ठेवला. पोटरी कायमची दगडासारखी, आयुष्यभराच्या पायटीची. तेवढी तरी माझ्या ओळखीची होती.

"शालन," हे म्हणाले. चारचौघांत ते मला कधी नावानं हाक मारत नसत, आणि एकांतात तर त्याहून नाही. "वैजू कुठाय?"

"बाहेर. आत्याबाईंजवळ."

"पाणी पिती का?"

मला हसूच आलं. खरंच आलं, त्या खोलीत. "अहो, मघापासून आत्याबाई तिला नुसतं पाणीच पाजतायत. पोरगी म्हणतेय पोट डब्ब झालं. दोघं मायलेक सारखेच..."

मी तिथंच थांबले.

ह्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळलं.

"डॉक्टरला बोलव."

"दुखतंय का? काय होतंय?"

"बोलव. आन् आईला. बापूलाबी. वैजूला बाहेरच ठेव."

दाराशी जाऊन मी हाक मारली की नुसतं तोंड उघडलं, आठवत नाही. बापू आले. आत्याबाई आल्या, पण उंबऱ्यापर्यंतच. फेरी संपवून येणारा डॉक्टर त्यांच्यामागून आत शिरला. वैजू व्हरांड्यातल्या बाकावर एकटी बसलेली मला दिसत होती, उजवा हात मांडीखाली दाबून.

"डॉक्टर," हे म्हणाले, "मला काय झालंय?"

डॉक्टरनं बापूंकडं बघितलं. "घशाला सूज आहे. तुम्ही जास्त बोलू नका. आराम करा."

"जनावरांत गेला माझा जलम," हे म्हणाले. "घशाची सूज मला कळती."

आत्याबाई पटकन पुढं आल्या. "नाथा, बोलू नगंस बाबा. डाक्टर सांगत्यात न्हवं. पड जरा."

"आई, तू गोठ्याच्या दारात व्हतीस."

"म्या कायबी बगितलं न्हाई."

"बगितलंस तू."

"न्हाई बगितलं! गप ऱ्हा!" आत्याबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला हात पुढं केला. ह्यांनी मान झटक्यानं बाजूला फिरवली, भिंतीकडं, आईच्या हातापासून लांब, तोंड उशीत खुपसून. आत्याबाईंचा हात तसाच हवेत राहिला. त्या माझ्याकडं वळल्या आणि कुजबुजल्या, रडवेल्या आवाजात, जणू ह्यांना ऐकू जाणारच नाही, "त्येला कशाला आठवून द्यायचं गं? जाणाराला सुखानं जाऊ द्यावं. पोरीचं मी बगितलं असतं. मी तिला कुटंबी नेलं असतं. पर ह्येच्या म्होरं नको... बाप हाय त्यो तिचा..."

"काय आठवून द्यायचं?" मी म्हटलं. "आत्याबाई, काय?"

त्यांनी पदर तोंडात कोंबला.

भिंतीकडं तोंड केलेलेच हे बोलायला लागले. झटका येऊन जाईपर्यंत थांबायचे, मग पुन्हा. डॉक्टर खाटेजवळ वाकला होता. मी पायाशी उभी होते, आणि माझे दोन्ही कान ऐकत होते.

"बुधी पिसाळली व्हती, डॉक्टर. घशात काय अडकलं नव्हतं. मला तवा कळलं न्हाई, पाणी बघून आज कळलं. मी पिसाळलोय."

बापूंनी भिंतीला टेकून डोकं खाली घातलं.

"बापू भाऱ्याला गेला तवा मी परत हात घातला. माझा पंजा रुंद, पुढं जाईना. मला वाटलं, अजून खाली हाय, हाताला लागंल, निघंल, आन् बुधी जगंल. म्हणून मी वैजूला हाक मारली. तिचा हात बारीक. ती भेत व्हती, म्हणत व्हती, अण्णा, चावंल. मी म्हणलो, बुधी हाय, ती कशाला चावंल."

गळा वर गेला. आम्ही सगळे त्याच्याबरोबर श्वास धरून उभे. सुटला.

"तिच्या बोटाला नखुरडं झालं व्हतं. वाहत व्हतं. मला दिसत व्हतं, डॉक्टर. तिला सुया द्या, आत्ताच्या आत्ता द्या. तिनं न्हाई घातला हात. तिचं मनगट धरून मी घातला, पार कोपरापतूर."